चंचल मुलांची कुळकथा

शाळेंत ज्याचें लक्ष लागत नाहीं अशा मुलाला मराठींत नांवांची उणीव कधींच पडली नाहीं. व्रात्य, द्वाड, वांड, चळवळ्या हीं जागेवर न बसणाऱ्याचीं नांवें. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, गबाळा हीं जागेवर बसून मनानें दुसरीकडे गेलेल्याचीं. पहिल्या गटांतील शब्दांत राग आहे, दुसऱ्या गटांतील शब्दांत उपहास आहे. परंतु दोहोंच्या बुडाशीं समजूत एकच आहे. हें मूल मनांत आणील तर नीट वागेल, तें मनांत आणीत नाहीं एवढेंच, ही ती समजूत होय. बुद्धि चांगली आहे पण अभ्यासाकडे लक्ष देत नाहीं, असा शेरा आम्ही शिक्षक पिढ्यान् पिढ्या प्रगतिपुस्तकांत लिहीत आलों आहों; तो ह्याच समजुतीचा सुटसुटीत अवतार आहे. 'देत नाहीं' आणि 'देऊं शकत नाहीं' ह्यांत अंतर एका क्रियापदाचें. त्या अंतरावरून गेलीं अडीचशें वर्षें युरोप-अमेरिकेंतील वैद्य वाद घालीत आले आहेत, आणि तो वाद चालूं असतांना असंख्य मुलांनीं छड्या खाल्ल्या आहेत. हा इतिहास वैद्यांचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मतें तो निम्मा शिक्षकांचा आहे, आणि त्याच बाजूनें तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आजचें वैद्यक ह्या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता असें म्हणतें. इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेलें 'एडीएचडी' हें नांव आतां शहरांतील आईबापांच्या तोंडीं बसलें आहे. जगांतील अनेक पाहण्यांचा मेळ घालून २००७ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला त्यांत अठरा वर्षांच्या आंतील मुलांत हिचें प्रमाण शेंकडा ५.२९ निघालें. म्हणजे ६० मुलांच्या वर्गांत अशीं तीन मुलें सरासरीनें असावयाचींच. जो शिक्षक तीस वर्षें शिकविण्यांत घालवितो त्याच्या हाताखालून अशीं किती मुलें गेलीं असतील ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

अशा मुलाचें वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांत फार लवकर आढळतें तें मेल्खिओर आडाम वायकार्ड ह्या जर्मन वैद्याच्या १७७५ सालच्या ग्रंथांत. ग्रंथ लेखकाचें नांव न घालतां छापलेला होता. त्यांत अवधानाच्या उणिवेवर एक प्रकरण आहे. असा मनुष्य कोणत्याच गोष्टीच्या तळाशीं जात नाहीं, माशीच्या गुणगुणण्यानेंही त्याचें चित्त उडतें, असें वायकार्ड सांगतो. आणि त्याचा दोष शरीराच्या तंतूंच्या दुर्बलतेवर व वाईट संगोपनावर ठेवतो. उपाय म्हणून त्यानें थंड पाण्याचें स्नान, पोलादाची भुकटी, घोड्यावरची रपेट आणि फारच झालें तर अंधाऱ्या खोलींत एकांतवास, असे सांगितले आहेत. ह्यांपैकीं घोड्याचा उपाय आमच्या विद्यार्थ्यांनीं आनंदानें पत्करला असता. पुढें १७९८ सालीं एडिंबरो येथें जन्मलेल्या अलेक्झांडर क्रायटन ह्या वैद्यानें मनोविकृतीवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यांतील अवधानावरचें प्रकरण वाचतांना असें वाटतें कीं, ह्या गृहस्थानें कांहीं दिवस वर्गाच्या मागच्या बांकावर बसून काढले असावेत. अवधान एके ठिकाणीं न ठरण्याचा दोष कांहींना जन्मतः असतो, कांहींना आजारानें जडतो. जन्मतः असल्यास तो लहान वयांतच दिसूं लागतो व शिक्षणाच्या कोणत्याही एका विषयावर मन टिकूं देत नाहीं. तरी सगळेंच शिक्षण अशक्य व्हावें इतका तो क्वचितच तीव्र असतो आणि वयाबरोबर बहुधा कमी होतो, असें तो लिहितो. ह्यापुढें त्यानें एक गोष्ट नमूद केली आहे ती आम्हां शिक्षकांना टोंचणारी आहे. लॅटिन व ग्रीक व्याकरणाचा रुक्षपणा कित्येक मुलांना इतका असह्य होतो कीं, छडीचा धाक व गोड बोलणें हीं दोन्ही तेथें सारखींच निष्फळ ठरतात. म्हणजे मुलाच्या ठिकाणचा दोष कोणता आणि विषयाच्या ठिकाणचा कोणता, हा भेद सव्वादोनशें वर्षांपूर्वीं एका वैद्यानें केलेला होता. शाळांनीं तो वाचला नाहीं. योगायोग असा कीं, हे दोघेही वैद्य पुढें रशियाच्या दरबारीं गेले. एक कॅथरीन राणीकडे व दुसरा अलेक्झांडर बादशहाकडे. मुलांच्या चंचलतेपेक्षां राजांच्या प्रकृतीकडे लक्ष देणें त्या काळीं अधिक लाभाचें होतें, हें उघड आहे.

आमच्याकडे मनाच्या चंचलतेचा विचार ह्याहून कितीतरी जुना आहे; परंतु तो एखाद्या विशिष्ट मुलाचा विचार नसून मनुष्यमात्राचा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनानें मनाविषयीं जी तक्रार केली ती सर्वांच्या वतीनें केली, आणि तिला मिळालेल्या उत्तरांत अभ्यास व वैराग्य हीं दोन साधनें सांगितलीं आहेत. त्यांतील अभ्यास आमच्या शाळांनीं उचलला. वैराग्याची अपेक्षा दुसरीच्या मुलाकडून करण्याचें धाडस सुदैवानें कोणीं केलें नाहीं. पंतोजींच्या गांवठी शाळेंत तर आजच्या अर्थाच्या इयत्ताच नव्हत्या. ओसरीवर किंवा देवळांत मुलें बसत, धुळपाटीवर अक्षरें गिरवीत, पाढे सर्व मिळून मोठ्यानें म्हणत, आणि ज्याचा त्याचा धडा ज्याच्या त्याच्या गतीनें पुढें सरके. तेथील शिक्षा क्रूर होत्या, त्यांचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें ओरडण्यास आणि डुलण्यास मोकळीक आहे अशा ठिकाणीं चंचल मूल इतरांतून फारसें वेगळें दिसत नसावें, असा आमचा तर्क आहे. तें वेगळें दिसावें म्हणून दुसऱ्या तऱ्हेची शाळा जन्मास यावी लागली.

ती येण्यापूर्वीं युरोपांत ह्या मुलाचें चित्र एका बापानें काढून ठेवलें होतें. फ्रांकफुर्ट येथील डॉक्टर हाइनरिख होफमान ह्यांना १८४४ सालच्या नाताळांत आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं मनाजोगतें पुस्तक बाजारांत मिळालें नाहीं. म्हणून त्यांनीं स्वतःच चित्रें काढून व कविता रचून एक वही भरली. ती १८४५ सालीं छापली गेली आणि 'श्ट्रुव्हेलपेटर' ह्या नांवानें जगभर गेली. पुढील आवृत्त्यांत तींत आणखी कांहीं मुलांची भर पडली. त्यांतला फिलिप जेवणाच्या मेजावर खुर्ची मागेंपुढें झुलवीत राहतो आणि अखेर चादरीसकट सगळें जेवण अंगावर घेऊन पडतो. दुसरा हान्स आकाशांतील पाखरें पाहत शाळेला जातो, नदींत पडतो, आणि त्याची वही पाण्याबरोबर वाहत जाते. आमचा वांड आणि आमचा वेंधळा असे दोघे एकाच पुस्तकांत शेजारीं बसले आहेत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे; कारण वैद्यकाला ह्या दोघांची भावकी मान्य करण्यास ह्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं. फिलिपचे आईबाप चित्रांत काय करतात तें मात्र नेहमींचेंच आहे. बाप रागावतो आणि आई अवाक् होऊन पाहते.

दुसऱ्या तऱ्हेची शाळा म्हणजे सक्तीची व इयत्तांची शाळा. इंग्लंडांत १८६२ च्या नियमांनीं शाळेचें सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर व लेखन, वाचन, गणित ह्यांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवलें. १८७० च्या कायद्यानें शाळा सर्वत्र निघाल्या. १८८० सालीं पांच ते दहा वर्षांच्या मुलांना हजेरी सक्तीची झाली. जें मूल पूर्वीं गुरें वळीत असतें किंवा लोहाराचा भाता ओढीत असतें, तें आतां तासन् तास बांकावर बसूं लागलें, आणि त्याच्या बसण्यावर मास्तरांचा पगार ठरूं लागला. आपल्याकडे हाच ओघ पुढें आला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व संस्थानांत नेला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. हीं कार्यें किती मोठीं होतीं हें आमच्या वाचकांस सांगणें नको. परंतु सर्व मुलें एका छपराखालीं आल्यावरच त्यांतलीं कांहीं मुलें बांकावर मावत नाहींत हें प्रथम कळलें, हेंही तितकेंच खरें.

अशा मुलांविषयीं जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्या बालवैद्यानें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें १९०२ सालच्या मार्च महिन्यांत तीन व्याख्यानें दिलीं. ज्यांची बुद्धि शाबूत आहे पण ज्यांना आपल्या वर्तनावर ताबा ठेवतां येत नाहीं अशा वीस मुलांचीं टिपणें त्यानें मांडलीं. त्यांत पंधरा मुलगे व पांच मुली होत्या. खेळांतसुद्धां ज्याचें मन फार वेळ ठरत नाहीं अशा एका सहा वर्षांच्या मुलाचा उल्लेख त्यांत येतो. स्टिलनें ह्या अवस्थेला नांव दिलें तें नैतिक संयमाच्या उणिवेचें. आजच्या वाचकाला हें नांव कठोर वाटेल, आणि त्याच्या यादींतील क्रूरपणा, खोटेपणा, निलाजरेपणा हे शब्द वाचून आजचा डॉक्टर म्हणेल कीं, हीं सगळीं मुलें एडीएचडीचीं नव्हत. तें बरोबरही आहे. तथापि स्टिलच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. चांगल्या घरांत, चांगल्या वळणांत वाढलेल्या मुलांतही हा दोष त्याला आढळला, शिक्षेचा परिणाम होत नाहीं असें दिसलें, आणि म्हणून कारण शरीरांत शोधलें पाहिजे असें त्यानें म्हटलें. छडीनें काम होत नाहीं हें शिक्षकाला रोज दिसत असतें. तो त्यावरून छडी आणखी जोरानें मारावी असा निष्कर्ष काढतो. स्टिलनें त्याच गोष्टीवरून उलट निष्कर्ष काढला.

त्याला पुरावा मिळाला तो एका भयंकर सांथीनें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत युरोपांत मेंदूच्या दाहाचा एक निराळाच रोग उद्भवला. १९१७ सालीं व्हिएन्नाच्या फॉन एकोनोमो ह्यांनीं त्याचें वर्णन केलें. रोगी दिवसचे दिवस झोंपेंत पडून राहत. जीं मुलें त्यांतून वांचलीं त्यांतील कित्येकांचा स्वभावच पालटला. कालपर्यंतचें शांत, आज्ञाधारक मूल रात्रभर जागूं लागलें, वर्गांत उड्या मारूं लागलें, हातीं येईल तें फोडूं लागलें, आणि शाळांनीं त्याला घरीं पाठविलें. येथें संगोपनाला दोष कसा द्यावा? आईबाप तेच, घर तेंच, मास्तर तेच. मध्यें एक आजार तेवढा येऊन गेला. मुलाची चंचलता मेंदूंतून उगम पावूं शकते ही गोष्ट ह्यानंतर कोणास नाकारतां येईना. बर्लिनमध्यें फ्रान्झ क्रामर व हान्स पोलनोव्ह ह्या दोघांनीं १९३२ सालीं पुढचें पाऊल टाकलें. दिवसा अतिशय चंचल पण रात्रीं नीट झोंपणाऱ्या मुलांचा गट त्यांनीं सांथींतून उठलेल्या मुलांपासून वेगळा काढला. आजच्या वर्णनाशीं तें पुष्कळ जुळतें. परंतु दोघेही ज्यू होते. पोलनोव्ह १९३३ सालीं फ्रान्सला गेले, तेथें पुढें नाझींच्या हातीं सांपडले आणि १९४३ सालीं माउटहाउझेन येथील छळछावणींत मारले गेले. क्रामर १९३८ सालीं हॉलंडला गेले. त्यांचें काम कित्येक वर्षें कोणीं उघडून पाहिलें नाहीं.

ह्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत, ईस्ट प्रॉव्हिडन्स येथें घडला, आणि त्याची सुरुवात एका मुलीच्या दुर्दैवानें होते. जॉर्ज लोथ्रॉप ब्रॅडली ह्या श्रीमंत गृहस्थाची एमा ही मुलगी सातव्या वर्षीं, १८८६ सालीं, मेंदूच्या दाहानें कायमची अपंग झाली. आपल्या इस्टेटींतून अशा मुलांसाठीं एक रुग्णालय उभारावें असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें. त्याप्रमाणें १९३१ सालीं एमा पेंडलटन ब्रॅडली होम उघडलें. तेथें त्याच घराण्यांतील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांचे मेंदू क्ष-किरणांनीं तपासत असत. त्या तपासणीसाठीं पाठीच्या कण्यांतील द्रव काढून तेथें हवा भरावी लागे, आणि मग मुलांचें डोकें असह्य दुखे. द्रव लवकर भरून यावा ह्या कल्पनेनें ब्रॅडलींनीं बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकेदुखीला त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. परंतु मुलांचें शाळेंतलें काम एकाएकीं सुधारलें. तेव्हां ब्रॅडलींनीं पांच ते चौदा वर्षांच्या तीस मुलांना तें औषध एक आठवडा दिलें. त्यांपैकीं चौदांच्या शाळेंतल्या कामांत ठळक फरक पडला. तो पहिल्याच दिवशीं दिसूं लागला आणि औषध बंद झालें त्या दिवशीं नाहींसा झाला. मुलांनीं आपापसांत त्याला गणिताची गोळी असें नांव ठेवलें. हा निबंध १९३७ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्या प्रसंगाकडे डॉक्टर औषधाचा शोध म्हणून पाहतात. आम्हांस त्यांत दुसरेंच कांहीं महत्त्वाचें वाटतें. त्या रुग्णालयांत शाळा नसती तर हा शोध लागलाच नसता. मूल रुग्णशय्येवर पडलेलें असतांना त्याच्या अवधानांत फरक पडला हें कोणास कळणार? तें कळलें गणिताच्या तासाला. आणखी असें कीं, उत्तेजक औषधानें चंचल मूल अधिक चंचल व्हावें ही स्वाभाविक अपेक्षा. झालें तें उलट. त्यावरून असा विचार पुढें आला कीं, ह्या मुलांत चैतन्य फाजील आहे असें नसून, त्या चैतन्याला आवर घालणारी जी शक्ति तीच मंद आहे, आणि औषध तिला जागें करतें. पण आवर घालणारी शक्ति मंद असणें हा अपराध होऊं शकत नाहीं. इतकी साधी गोष्ट त्या तीस मुलांनीं एका आठवड्यांत दाखवून दिली होती, तरी पुढें वीस-पंचवीस वर्षें तिच्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं.

मधल्या काळांत शिक्षकांनीं आपल्या हातीं होतें तें केलें. जर्मनी सोडून आलेले आल्फ्रेड स्ट्राउस आणि शिक्षिका लॉरा लेहटिनेन ह्यांनीं १९४७ सालीं मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलें. भिंतीवर चित्रें थोडीं, खिडक्यांच्या कांचा अपारदर्शक, मुलाचें मेज भिंतीकडे तोंड करून, आणि बाईंच्या अंगावर दागिने नाहींत, अशी त्यांची वर्गाची रचना होती. बांगड्या किणकिणल्या कीं बेरीज चुकते हें ज्या बाईंना कळलें त्यांचें निरीक्षण बारीक होतें ह्यांत संशय नाहीं. दुर्दैवानें पुढच्या चाचण्यांत असें दिसलें कीं, अशा ओक्या खोलींत मुलें कांहीं वेळां शांत होतात, परंतु जास्त शिकत नाहींत. शिवाय, ज्या मुलांच्या मेंदूला इजा झाल्याचा कसलाच पुरावा नाहीं त्यांनाही इजा झालेलीच म्हणण्याची चाल पडली. मूल चंचल आहे म्हणून मेंदूला इजा, आणि मेंदूला इजा म्हणून मूल चंचल! हें न्यायशास्त्र १९६२ सालीं ऑक्सफर्ड येथें जमलेल्या वैद्यांनाही पटलें नाहीं, आणि त्यांनीं इजा हा शब्द टाकून कार्यांतील बिघाड असा शब्द सुचविला.

औषधाची कथा थोडक्यांत आटपूं. बाझेलच्या सीबा कंपनींतील रसायनज्ञ लेआंद्रो पानिझ्झोन ह्यांनीं १९४४ सालीं मेथिलफेनिडेट हें द्रव्य तयार केलें. टेनिस खेळण्यापूर्वीं तें घेणारी त्यांची पत्नी रीटा, हिच्या नांवावरून त्याला रिटालिन हें नांव पडलें. १९६० नंतर अमेरिकेंत तें मुलांना सर्रास देऊं लागले, आणि १९७० सालीं ओमाहा शहरांतील शाळकरी मुलांना औषधें दिलीं जातात अशी बातमी येतांच त्या देशाच्या कायदेमंडळांत चौकशी झाली. ह्या वादाला तेव्हांपासून खंड नाहीं. औषधाचा उपयोग आहे कीं नाहीं ह्याची फार मोठी चाचणी १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. सात ते नऊ वर्षांचीं ५७९ मुलें तींत चौदा महिने होतीं. चंचलता व अनवधान कमी करण्यांत काळजीपूर्वक दिलेलें औषध केवळ वर्तनशिक्षणाहून सरस ठरलें, आणि दोन्ही एकत्र दिलीं तेथें औषधाची मात्रा कमी पुरली. परंतु तीन वर्षांनीं पाहतां गटांगटांतील हें अंतर नाहींसें झालेलें होतें. औषधाच्या नांवानें भिणाऱ्यांनीं ह्या चाचणीचा पहिला भाग वाचावा, आणि गोळीनें सर्व कार्य होईल असें मानणाऱ्यांनीं दुसरा.

शिक्षकांच्या दृष्टीनें खरी क्रांति घडली ती माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांत. व्हर्जिनिया डग्लस ह्या विदुषीनें १९७२ सालच्या निबंधांत असें मांडलें कीं, ह्या मुलांचें मूळ दुखणें हालचाल हें नव्हे; अवधान टिकवितां न येणें व आवेग थोपवितां न येणें हें होय. अमेरिकन मानसवैद्यांच्या निदानपुस्तकांत १९६८ सालीं बालपणींची अतिचंचलता असें जें नांव होतें तें ह्या विचारानें १९८० सालीं बदललें. अवधानाची न्यूनता हें मुख्य नांव झालें, आणि ती चंचलतेसह किंवा चंचलतेविना असूं शकते असें मान्य झालें. होफमानचा हान्स अखेर फिलिपच्या शेजारीं वैद्यकांतही जाऊन बसला. ह्याचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला, किंवा व्हावयास पाहिजे होता. खिडकीबाहेर पाहत बसलेली, कोणाला त्रास न देणारी, प्रश्न विचारला कीं दचकणारी मुलगी कोणत्याच शिक्षकाच्या तक्रारवहींत येत नाहीं. तिला दवाखान्यांत कोण नेणार? मुलगे वर्ग मोडतात म्हणून त्यांची दखल घेतली जाते. मुली स्वतःच्या आंत मोडतात आणि त्यांना गबाळी म्हणून सासरच्या नांवानें भीति घातली जाते. ही रीत अजून पुरती गेलेली नाहीं.

येथें आमच्या वाचकांपैकीं कांहीं पालक विचारतील कीं, लक्षच टिकत नसेल तर हाच मुलगा क्रिकेटच्या सामन्यापुढें तीन तीन तास कसा बसतो? हा प्रश्न आम्हांस दर पालकसभेंत ऐकूं येतो, आणि तो रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, ह्या मुलांजवळ अवधान नाहीं असें नाहीं; त्याचा लगाम त्यांच्या हातीं नाहीं. सामना स्वतःच लक्ष ओढून घेतो, क्षणोक्षणीं बक्षीस देतो. भागाकार तसें कांहीं करीत नाहीं. तेथें मुलानें आपलें लक्ष आपण नेऊन बसवावें लागतें, आणि नेमकी तीच शक्ति उशिरां वाढते. हें उशिरां वाढणें केवळ बोलण्यापुरतें नाहीं. अमेरिकेंत २००७ सालीं मेंदूच्या चित्रांवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत अशा २२३ मुलांची तितक्याच इतर मुलांशीं तुलना होती. मेंदूच्या बाह्य थराचा निम्मा भाग आपल्या कमाल जाडीस इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षीं पोंचला होता; ह्या मुलांत साडेदहाव्या वर्षीं. हे सरासरीचे आंकडे आहेत, एकट्या मुलाचें निदान त्यांवरून होत नाहीं. तरी चौथींतल्या मुलाकडे पाहतांना त्याचा संयम पहिलींतल्या मुलाइतकाच आहे असें मनांत धरलें, तर शिक्षकाचा निम्मा राग आपोआप उतरतो.

हालचालीविषयींही असाच एक विचार सिडनी झेंटॉल ह्या संशोधिकेनें १९७५ सालीं मांडला. चंचल मूल हलतें तें उत्तेजना फार झाली म्हणून नव्हे, कमी पडते म्हणून. हलून हलून तें स्वतःला जागें ठेवीत असतें, असा त्याचा आशय आहे. पाय हलविणाऱ्या मुलाला पाय स्थिर ठेवण्याचें काम सांगितलें तर त्याचें सर्व लक्ष पायांतच जातें आणि फळ्यावरचें गणित राहून जातें, हें ज्यानें वर्गांत पाहिलें आहे त्याला हा विचार पटण्यास वेळ लागत नाहीं. आम्ही अशा मुलाला फळा पुसावयास सांगतों, कचेरींतून खडू आणावयास पाठवितों, वह्या वाटावयास देतों. लांबलचक सूचना एकदम न देतां एका वेळीं एकच देतों, आणि दहा गणितें एकाच पानावर न देतां तीन तीन करून देतों. ह्यांत कांहीं मोठें शास्त्र नाहीं. पूर्वींचे पुष्कळ चांगले मास्तर हेंच करीत असत, त्याचें कारण मात्र त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

तथापि शिक्षकाच्या डोळ्यावर फार विसंबूं नये, हेंही ह्या इतिहासानेंच शिकविलें आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत शाळाप्रवेशाचें वर्ष ३१ डिसेंबरला संपतें. त्यामुळें डिसेंबरांत जन्मलेलें मूल वर्गांत सर्वांत लहान असतें आणि जानेवारींत जन्मलेलें सर्वांत मोठें. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहतां २०१२ सालीं असें दिसून आलें कीं, जानेवारींतल्यांपेक्षां डिसेंबरांतल्या मुलग्यांत हें निदान शेंकडा ३० नीं व मुलींत शेंकडा ७० नीं अधिक झालें होतें. रोग जन्माचा महिना पाहून येत नाहीं. अकरा महिन्यांनीं लहान असलेल्या मुलाचा पोरकटपणा कोणाला तरी विकार वाटला, आणि तो कोणाला प्रथम वाटला असेल हें सांगावयास नको. कोंवळ्या वयांत मूल शाळेंत घालण्याची घाई आपल्याकडेही आहे. वर्गांतील सर्वांत धाकट्या मुलांच्या जन्मतारखा शिक्षकानें एकदां हजेरीपटावरून पाहून घेतलेल्या बऱ्या.

आपल्या देशांत कायद्यानें कांहीं गोष्टी केल्या आहेत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलाला मारणें व मानसिक छळ करणें ह्यांस बंदी केली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि अंगठे धरणें, कोंबडा करणें, उठाबशा काढणें ह्या विद्येला निदान कागदावर तरी पूर्णविराम मिळाला. वाचन-लेखनांत अडखळणाऱ्या मुलांना परीक्षेंत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानें १९९६ सालींच घेतला होता. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, परंतु एडीएचडीचें वेगळें नांव नाहीं. ज्या मुलाला दोन्ही अडचणी आहेत, आणि अशीं मुलें पुष्कळ असतात, त्याला पहिल्या अडचणीच्या दाखल्यावर आधार मिळतो. ज्याला फक्त दुसरी आहे त्याच्या पालकांना त्या कायद्यांत बोट ठेवण्यास जागा सांपडत नाहीं. त्याचें सर्व भवितव्य वर्गशिक्षकाच्या समजुतीवर राहतें.

आणि निदानाच्या वेळींही तसेंच होतें. आजच्या निदानपुस्तकाप्रमाणें हीं लक्षणें बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असावीं लागतात, आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणीं दिसावीं लागतात. म्हणून डॉक्टर शाळेकडे एक प्रश्नपत्रक पाठवितात. जागा सोडून उठतो का, ऐकत नाहींसें वाटतें का, वस्तु हरवतो का, असे प्रश्न असतात, आणि 'कधींच नाहीं' पासून 'फारच वेळां' पर्यंतच्या रकान्यांत खूण करावयाची असते. तें पत्रक मधल्या सुट्टींत चहा पितां पितां भरून देण्याची पद्धति आहे. ती सोडावी, एवढीच आमची शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे. खूण करण्यापूर्वीं पंधरा दिवस एक छोटी वही ठेवावी, आणि मूल कोणत्या तासाला उठलें, जेवणापूर्वीं कीं नंतर, तोंडी कामांत कीं फळ्यावरून उतरवून घेण्यांत, कोणाशेजारीं बसलें असतां, एवढें लिहून ठेवावें. वही पाहून कधीं असें निघतें कीं, मूल सर्व तासांना सारखेंच उठतें; मग डॉक्टरांना ती वहीच पाठवावी. कधीं असें निघतें कीं, उठणें, रेंगाळणें, शेजाऱ्याच्या वहींत डोकावणें हें सगळें फळ्यावरून उतरवून घेण्याच्याच तासाला होतें, आणि पुढच्या बांकावर बसविलें कीं निम्म्यानें कमी होतें. तेव्हां त्या मुलाला आधीं नेत्रवैद्याकडे न्यावें.